सरावाची सायकल घेताना पैसे कुठे घालावे: पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत

दुकानात सायकल बघायला आलेला माणूस आधी ती एका हाताने उचलून बघतो आणि मग विचारतो, "किती किलोची आहे?" या प्रश्नाचा हिशोब एकदा मांडून बघू. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. सिंहगडाचा घाट तुम्ही साधारण तासाभरात चढता. सायकल दोन किलोंनी हलकी घेतली आणि जोर तेवढाच लावला, तर वर पोचायला सुमारे दीड मिनिट कमी लागतं. ते दीड मिनिट विकत घ्यायला सहज तीस-चाळीस हजार जास्त मोजावे लागतात. याउलट सीट दोन सेंटीमीटर खाली राहिली तर गुडघा धरतो आणि पुढचा आठवडाभर सराव बंद पडतो. सीट वर करायला एक षटकोनी पाना, म्हणजे अ‍ॅलन की लागते, बाकी खर्च शून्य.

म्हणून माझा क्रम असा आहे. शरीर सायकलला जिथे टेकतं, म्हणजे बैठक, तळहात आणि तळपाय, तिथे आधी खर्च करा. सायकल रस्त्याला जिथे टेकते, म्हणजे टायर, तिथे त्यानंतर. मग गिअर आणि ब्रेक, मग मोजमापाची साधनं, आणि सगळ्यात शेवटी वजन. जाहिरातीत हा क्रम बरोबर उलटा दिसतो. बजेट पंधरा हजारांचं असो की दीड लाखाचं, क्रम बदलत नाही. प्रत्येक पायरीवर किती थांबायचं एवढंच बदलतं.

पहिली पायरी: सराव कशासाठी?

"फिटनेससाठी" हे उत्तर दुकानदाराला पुरतं, तुम्हाला पुरू नये. रोज सकाळी तासभर दम लागेपर्यंत चालवायची आहे, वर्षभरात बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर किंवा जास्त अंतर पूर्ण करायची सायकलफेरी) करायची आहे, की ट्रायथलॉन किंवा शर्यतीत उतरायचं आहे, हे आधी ठरवा.

बीआरएमच्या नावाने लोक उगाच महाग सायकली घेतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहा, पंक्चर, पोटपूजा धरून ताशी पंधरा किलोमीटरच्या आतली सरासरी. ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. हे आकडे वेगाची परीक्षा घेत नाहीत, दिवसभर बसून राहता येतं का याची घेतात. त्यामुळे मापाची, गिअरवाली, साधी, सरळ हँडलची हायब्रिडसुद्धा २०० पार करते. ज्यांना गटात ताशी तीसने जायचं आहे त्यांना मात्र वाकड्या हँडलची रोड बाइकच हवी. त्या वेगाला बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते आणि वाऱ्याला सर्वात मोठा अडथळा तुमच्या धडाचा असतो. ते धड खाली घेता आलं पाहिजे.

गावही बघा. विदर्भात, मराठवाड्यात रस्ता सपाट असतो, पण वारा आणि ऊन असतं. तिथे फार हलके गिअर लागत नाहीत, पाण्याच्या दोन बाटल्या मात्र लागतात, आणि बाभळीच्या काट्यांना पुरून उरणारा टायर लागतो. सपाट भागात मोठा सराव होत नाही असं कुणी म्हणालं तर नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचं नाव सांगा. त्यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने पूर्ण केली. कोकणात आणि गोव्यात चढ छोटे पण अंगावर येणारे, त्यात खारी हवा. तिथे मागची मोठी चकती आणि गंज न चढणारे सुटे भाग यांना महत्त्व. पुणे, सातारा, नाशिक इथे घाट लांब, म्हणून गिअर आणि ब्रेक दोन्ही चांगले लागतात.

दुसरी पायरी: आधी माप, मग मॉडेल

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. पाय सहा इंच फाकवा. एक जाड, पुठ्ठा बांधणीचं पुस्तक दोन पायांमध्ये धरा. त्याची कड भिंतीला टेकलेली ठेवून ते वर ओढा, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि जमिनीपासूनचं अंतर मोजा. हे काम दुसऱ्या माणसाने केलं तर माप नीट येतं. दोनदा मोजा.

समजा हे माप ८० सेंटीमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ७०.६ येतं. पेडलचा दांडा जिथे फ्रेममध्ये फिरतो त्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत मोजलं तर हे अंतर साधारण ७०.६ सेंटीमीटर हवं. ही सुरुवात समजा. यापुढे अर्धा-पाव सेंटीमीटर करत आपलं आपण जुळवायचं. गुडघा पुढून, वाटीखाली दुखायला लागला तर सीट बहुधा खाली आहे. मागून, लवणीत दुखला किंवा चालवताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट वर आहे.

उंची जुळली तरी लांबी चुकू शकते, आणि लांबी दुरुस्त करणं कठीण. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर जास्त असेल तर मान, खांदे दुखतात आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला मुंग्या येतात. हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटीमीटरने आखूड करून घेता येतो, त्यापलीकडे फ्रेमच बदलावी लागते. म्हणून दोन मापांच्या मधे अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेम लांब करता येते, मोठी आखूड करता येत नाही. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्यांना, त्यात बहुतेक बायका आल्या, दुकानदार "सीट खाली केली की बसेल" असं सांगून मधलं माप गळ्यात मारतो. ऐकू नका. आपलं माप मागवून द्यायला लावा, नाहीतर दुसरं दुकान बघा.

तिसरी पायरी: सगळे पैसे सायकलीत घालू नका

खिशात पन्नास हजार असतील तर पन्नास हजारांची सायकल बघायची नाही. लाखाच्या आतल्या कुठल्याही बजेटमध्ये चौथा हिस्सा बाकीच्या सामानासाठी बाजूला काढून ठेवावा. पन्नास हजारांची माझी वाटणी अशी: सायकल ३७,०००, हेल्मेट २,०००, पॅडवाल्या दोन शॉर्ट्स ३,५००, पुढचा-मागचा दिवा २,०००, घरचा उभा पंप, छोटा पंप, टायर काढायच्या पट्ट्या आणि दोन ट्यूब २,५००, बाटली, तिचा पिंजरा आणि कुलूप १,०००. उरलेले दोन हजार हातात ठेवायचे. महिन्याभरात सीट किंवा स्टेम बदलावासा वाटतोच, तेव्हा लागतात. भाव दुकानागणिक इकडेतिकडे होतील, प्रमाण मोडू नका.

शॉर्ट्सबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी, कारण कुणी सांगत नाही: त्यांच्या आत काही घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवणच मांडीला घासते आणि मग लोक म्हणतात पॅडचा उपयोग नाही. पॅडही गादीसारखा जाड असून चालत नाही. घट्ट, मध्यम जाडीचा आणि बसल्यावर न सरकणारा हवा. लाखाची सायकल आणि जिमची चड्डी ही जोडी मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा तिसाव्या किलोमीटरला तो माणूस पेडलवर उभा राहून चालवताना दिसतो.

हेल्मेट घेताना आत EN 1078 किंवा CPSC मानकाचं स्टिकर आहे का बघा. कड भुवईच्या दोन बोटं वर बसली पाहिजे. पट्टा न लावता डोकं हलवलं तर ते डोक्याबरोबर फिरायला हवं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं, आतला फोम एकदाच दबतो.

पंधरा हजारांपर्यंत

घरात सायकल असेल, कुठलीही, तर पहिले तीन महिने तिच्यावरच काढा. दोन-तीन हजारांत तिचे टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, केबल आणि चेन नवी करून घ्या, चाकांचा आउट काढून घ्या. तीन महिने नियमित चालवली तर आपल्याला काय हवं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल आणि पुढची खरेदी शहाणपणाची होईल.

नवीनच घ्यायची तर या पैशांत एकच नियम पाळा: पुढे साधा, शॉक नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). स्वस्त सायकलीचा शॉकअपसर म्हणजे दोन किलोंची स्प्रिंग. चढावर तुमची ताकद खाते आणि खड्ड्यात कामाला येत नाही. जाड फॅट टायर, मागे-पुढे शॉक, सहा रंग आणि डिस्क ब्रेक अशी दिसायला मोटरसायकलीची धाकटी बहीण वाटणारी सायकल आठ-दहा हजारांत मिळते. सरावाला ती अगदी निरुपयोगी. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची किंवा हलक्या स्टीलची हायब्रिड, मागे सात गिअर, साधे व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारे), ३२ ते ३८ मिलिमीटरचे टायर. व्ही-ब्रेक कुठल्याही गावात दुरुस्त होतात आणि या किमतीतल्या डिस्कपेक्षा चांगले लागतात.

या गटात मोजमापाला एक पैसा खर्च करू नका. बोलण्याची कसोटी पुरते: चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तो हलका सराव, तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर मध्यम, "हो" आणि "नाही" एवढंच जमत असेल तर जोराचा. आठवड्यातले बहुतेक दिवस पहिल्या प्रकारातच घालवायचे असतात. फोनवरचं स्ट्राव्हा अ‍ॅप अंतर आणि चढ मोजायला फुकटात पुरतं.

जुनी सायकल घ्यायची असेल तर

माझ्या मते पंचवीस ते पस्तीस हजारांत सर्वात जास्त सायकल जुन्या बाजारात मिळते. २०२० च्या लॉकडाउननंतर सायकलींची मागणी एकदम वाढली होती. त्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत. विकणारा शंभर किलोमीटरही चालवलेली नाही म्हणतो, ते बहुधा खरं असतं. पण उभी राहून राहून टायरला भेगा पडतात आणि केबल गंजतात, हेही तितकंच खरं. सोबत एक अ‍ॅलन की, स्टीलची फूटपट्टी आणि रुमाल घेऊन जा, आणि दिवसाउजेडीच बघा.

फ्रेमपासून सुरुवात करा. रुमालाने पुसून पुढच्या नळीजवळचे जोड आणि खालच्या नळीची पोटाकडची बाजू बघा. तिथे रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर दिसली तर नमस्कार करून निघा. पुढे सीटची नळी सैल करायला सांगा आणि स्वतः वरखाली करून बघा. ती फ्रेममध्ये जाम बसलेली असेल तर पुढे डोकेदुखी आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराशी असलेली फट बघा. एखाद-दोन मिलिमीटर हललं तर आउट काढता येतो, पण रिमला ठेच असेल तर चाक गेलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा: हँडलखाली टकटक लागली तर हेडसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) सैल आहे, नाहीतर झिजलाय. पेडलचा दांडा धरून आडवा हलवा, तिथेही खेळ नको.

आता फूटपट्टी. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि बारा इंचाच्या खुणेपर्यंत मोजा. नव्या चेनमध्ये तिथे बरोबर पिनचा मध्य येतो. पिन खुणेच्या एक सोळांश इंच पुढे गेलेली असेल तर चेन बदलायला आली. एक अष्टमांश पुढे असेल तर चेनने मागच्या चकत्याही खाल्ल्या, दोन्ही बदलावं लागेल. हा खर्च त्याच्यासमोर किमतीतून वजा करा. टायर, केबल, चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मिळून सहा-आठ हजार सहज होतात.

मूळ बिल मागा आणि पेडलच्या दांड्याखाली कोरलेला फ्रेम नंबर त्याच्याशी ताडून बघा. बिल नाही, नंबर खरवडलेला आहे, भाव मात्र फारच चांगला आहे, अशी सायकल कुणाच्या तरी जिन्याखालून आलेली असते. कार्बनची जुनी सायकल अनोळखी माणसाकडून घेऊ नका. कार्बनच्या आतली इजा वरून दिसत नाही.

चाळीस ते साठ हजार

सरावाला लागणारं जवळजवळ सगळं या गटात मिळतं. यापुढचे पैसे आराम, हौस आणि शेवटच्या काही मिनिटांसाठी असतात. डेकॅथलॉनच्या ट्रायबन, माँट्रा, पॉलिगॉन, जायंट, मेरिडा, स्कॉट असे पर्याय याच्या आतबाहेर सापडतात. नावापेक्षा गिअरचा संच बघा. शिमानोच्या रोड बाइकच्या संचांची चढती भाजणी अशी: क्लॅरिस मागे आठ गिअरचा, सोरा नऊचा, टियाग्रा दहाचा, १०५ अकरा किंवा बाराचा. क्लॅरिस आणि सोरा यांतला फरक बोटांना जाणवतो, पायांना नाही. पायांना जाणवतो तो दातांचा हिशोब, आणि तो कुठल्याच जाहिरातीत ठळक नसतो.

पुन्हा सिंहगडाकडे येऊ. नवखा माणूस त्या चढावर साधारण ताशी आठ किलोमीटरने जातो. पुढे ३४ दातांची लहान चकती आणि मागे सर्वात मोठी २८ ची असेल, तर त्या वेगाला पाय मिनिटाला ५२ वेळा फिरतात. हे फिरणं नव्हे, ढकलणं झालं. सगळा भार गुडघ्यावर. मागे ३४ ची चकती असेल तर ६३ फेरे होतात. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ७२, म्हणजे सुसह्य. तेव्हा दुकानात मागची सर्वात मोठी चकती मोजा. ३२ च्या खाली असेल तर ३४ ची कॅसेट बसेल का ते खरेदीआधीच विचारून ठेवा. मागच्या डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची) लांबी त्यासाठी पुरायला लागते. मागे मोठी चकती म्हणजे कच्चा गडी असं समजणाऱ्यांना सिंहगडाच्या वरच्या वळणांवर भेटावं.

ब्रेकचा निर्णय पावसावर सोडा. जून ते सप्टेंबर बाहेर चालवणार नसाल तर रिम ब्रेक हलका, स्वस्त आणि समजायला सोपा. पावसात ताम्हिणी किंवा वरंधा उतरायचा बेत असेल तर डिस्क घ्या. ओल्या रिमवर रबर पहिला काही वेळ नुसतं घसरतं. शिवाय रबरात अडकलेली वाळू रिम किसून काढते. केबलवाला डिस्क या गटात येतो आणि पुरतो.

आता टायर, म्हणजे या गटातला सर्वात फायद्याचा खर्च. सायकलीबरोबर येणारे टायर बहुधा जाड आणि निर्जीव असतात. दोन-तीन महिन्यांनी चांगल्या प्रतीचे २८ मिलिमीटरचे, आतून पंक्चररोधक पट्टी असलेले टायर घाला. एका जोडीने दहा-वीस वॅट सहज वाचतात. एवढी बचत हजारो रुपयांच्या हलक्या चाकांनी होत नाही. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरू नका, तो कमाल आकडा आहे. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ६५–७० आणि मागे ७०–७५ पीएसआय पुरते, ३२ च्या टायरमध्ये पन्नास-साठ. आपल्या रस्त्यांवर दगडासारखा टायर वेगवान वाटतो, पण तो नुसता उडतो.

दहा-वीस रुपयांची एक पितळी टोपी या सगळ्यापेक्षा कधीकधी मोलाची ठरते. रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक व्हॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या किंवा रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या हवेला बसत नाही. त्याला ही अडॅप्टर टोपी लावली की मोटरसायकलीची हवा चालते. एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, एक पाकिटात.

सीटबाबत गादीवाली, जेलवाली कव्हरं विकत घेऊ नका. रुंदी महत्त्वाची. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर पाय जरा उचलून पुढे वाकून मिनिटभर बसा. बसायच्या हाडांचे दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण दोन सेंटीमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीची सीट शोधा. बायकांना बहुधा जास्त रुंद लागते.

बुटाला अडकणारी पेडलं लगेच नकोत. आधी रहदारीत एका हाताने चालवता आलं पाहिजे, मागे वळून बघता आलं पाहिजे. ते जमलं की दोन स्क्रूची एसपीडी घ्या. तिचा खिळा बुटाच्या तळात लपतो, त्यामुळे टपरीवर चहाला चालत जाता येतं. तीन स्क्रूची मोठी रोड पेडलं शर्यतीसाठी ठीक, पण त्या बुटांनी ओल्या फरशीवर चालणं म्हणजे कसरत.

लाखाच्या आसपास आणि पुढे

इथे थोडक्यात आटोपतो, कारण इथे चुकीची सायकल मिळणंच कठीण. १०५ किंवा त्याच्या आसपासचा संच, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क हे लाखाला सर्वात समतोल कॉम्बिनेशन. त्याच किमतीत कार्बन फ्रेम आणि खालच्या दर्जाचा संच असा पर्याय कुणी पुढे केला तर अ‍ॅल्युमिनियम आणि चांगला संच घ्या. पैसे आणखी उरले तर आधी अनुभवी माणसाकडून बाइक फिट, म्हणजे सायकल शरीराच्या मापाला जुळवून, करून घ्या, मग चाकं. कार्बन त्यानंतर. दोन लाखांच्या पुढचं जग सुंदर आहे, हौसेला मोल नसतं, सरावाशी त्याचा संबंध पुसट आहे.

मोजमापाची साधनं

पहिलं साधन छातीवरचा पट्टा. मनगटी घड्याळ उजेडाने नाडी मोजतं. हँडल घट्ट धरलं, खड्डे लागले की ते गडबडतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो आणि दोन-चार हजारांत येतो. "२२० वजा वय" हे सूत्र विसरा, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक नेहमीचा. त्याऐवजी चाचणी घ्या: चांगलं अंग गरम करून मोकळ्या रस्त्यावर ३० मिनिटं एकट्याने जमेल तेवढ्या पण शेवटपर्यंत टिकेल अशा जोराने चालवा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी नाडी म्हणजे तुमचा उंबरठा, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराची कमाल मर्यादा. समजा तो १६५ आला. लांब, हलक्या फेऱ्या त्याच्या ८१ ते ८९ टक्क्यांत, म्हणजे १३४ ते १४७ च्या दरम्यान करायच्या. बहुतेकांना हे लाजिरवाणं हळू वाटतं. तसंच वाटलं पाहिजे.

दुसरं, पेडलचे फेरे मोजणारा सेन्सर, तोही स्वस्त. पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारं साधन, तिसरा, आणि आठवड्याला सहा-सात तास ठरवून सराव करणाऱ्यालाच तो फळतो. एका डाव्या दांड्यावरचा मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो. दोन पायांत फरक असला तरी रोज तोच मीटर वापरत असाल तर सरावाला चालतं. २० मिनिटांच्या चाचणीतली सरासरी वॅट गुणिले ०.९५ हा उंबरठ्याचा अंदाज, आणि तो दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा काढायचा.

पावसाळ्यातला घरचा सराव

चार महिने सराव तुटू नये म्हणून ट्रेनर, म्हणजे आपलीच सायकल घरात एका जागी चालवायचं साधन. मागच्या टायरला रोलर टेकवणारा चुंबकीय ट्रेनर सर्वात स्वस्त, पण आवाज करतो आणि टायर खातो. त्याला जुना टायर लावा. चाक काढून थेट जोडायचा स्मार्ट ट्रेनर शांत आणि अचूक, पण त्याच्या किमतीत चांगली सायकल येते. घेण्याआधी आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल कुठला आणि कॅसेट किती गिअरची ते पाहा, जुळलं नाही तर अडॅप्टर वेगळा लागतो. फ्लॅटमध्ये खाली जाड रबरी चटई हवीच, नाहीतर पहाटे पाचला खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. आणि टेबल फॅन, शक्यतो दोन. पंख्याशिवाय घरात नाडी दहा-पंधरा ठोके उगाच वर जाते. घामाचं मीठ हेडसेटच्या स्क्रूंवर बसून गंज धरतं, म्हणून हँडलवर टॉवेल टाका.

बाहेर पावसात चालवणारच असाल तर ओल्या हवेचं, घट्ट चेन ऑइल वापरा, प्रत्येक फेरीनंतर चेन पुसा आणि दर कडीवर एक थेंब टाका. वर राहिलेलं तेल पुन्हा पुसून घ्या, नाहीतर ते चिखल ओढतं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक, चेनचं वंगण म्हणून नको. आठ-दहा गिअरच्या चेनला झीज पाऊण टक्का झाली की बदला, अकरा-बाराच्या चेनला अर्धा टक्का झाली की.

पहाटे पाचला निघणाऱ्याने मागे दोन दिवे लावावेत, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा. एकाचं चार्जिंग संपलं तर ते मागे असल्याने तुम्हाला कळतच नाही. अंधारात घाट उतरायचा असेल तर पुढे निदान चारशे ल्युमेन. बीआरएमला रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचंच असतं.

सायकल ताब्यात घेताना

पैसे देण्याआधी दुकानातच काही गोष्टी करून घ्या. तुमच्या मापाने सीटची उंची लावून तिथे नळीला टेपची खूण. पुढच्या ब्रेकची केबल आणि हँडल सरळ आहे ना ते बघणं. सगळे गिअर चढते-उतरते टाकून बघणं. दोन्ही चाकं काढून परत बसवणं, आणि हे तुम्ही स्वतः करायचं, मेकॅनिकने फक्त बघायचं. पितळी अडॅप्टर तिथेच मागा. पहिल्या महिन्यात, साधारण दोन-तीनशे किलोमीटरनंतर, केबल ताणतात आणि चाकांच्या तारा सैल पडतात. ती पहिली सर्व्हिस फुकट आहे का, ते बिलावर लिहून घ्या.